कोसंबा–उमरपाडा : एका गायकवाडी लोहमार्गाची स्मृती

तापीकाठचे कामरेज हे पुरातन स्थान होय. प्राचीन ताम्रपटांतील ‘कर्मणेय’ ते हेच, असे विद्वान मानतात. बडोदे संस्थानात कामरेज व त्याच्या उत्तरेकडील वेलाछा हे दोन्ही महाल नवसारी प्रांतात मोडत. या टापूच्या आधुनिक इतिहासात आगगाडीचे स्थान मोठे आहे.

१८६० मध्ये उत्राण ते अंकलेश्वर हा रुंदमापी मार्ग सुरू झाला. कोसंबा याच मार्गावर येते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई–मियागाम हा अडीच फूट मापाचा मार्ग तयार झाला. आरंभी त्यावरील डबे बैल ओढीत. महाराजा सयाजीराव तिसरे यांनी हेच अल्पखर्ची माप पुढे अनेक दिशांनी नेले. मुख्य मार्गापासून दूर पडलेल्या मुलखास बाजारपेठेशी जोडावे, हा त्यामागील हेतू होता. त्याच धोरणातून १९१२ मध्ये कोसंबा–झंखवाव मार्ग खुला झाला. वेलाछा, मोटामियां मांगरोळ अशी गावे घेत जाणारा हा फाटा पुढे उमरपाड्याच्या वनप्रदेशापर्यंत पोहोचला. रानातला व शेतातला माल त्याने मुख्य मार्गावर आणला आणि आदिवासी गावकऱ्यांस स्वस्त प्रवासाची सोय करून दिली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. त्याची रेल्वे प्रथम बी. बी. अँड सी. आय. कडे व १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेकडे गेली. पुढे सडका सुधारल्या, मोटारी वाढल्या आणि मंदगतीची छोटी गाडी तोट्याची ठरली. डिसेंबर २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने गुजरातेतील अकरा मार्ग कायमचे बंद करण्याचे कळविले. त्यांत कोसंबा–उमरपाडा हाही होता. त्याच यादीतील बिलिमोरा–वघई मार्गावर मात्र २०२१ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. वारसा म्हणून त्याचे मोल मानले गेले, हे त्याचे भाग्य.

अशा मार्गाचे अवशेष फार काळ टिकत नाहीत. रूळ उचलले जातात, भराव शेतात मिसळतो, मोऱ्या झाडोऱ्यात दडतात, स्थानकांची छपरे खचतात. मार्ग रुंद करावयाचा म्हटला, तरी जुन्याची खूण पुसूनच नवे उभे राहते. बडोद्यास प्रतापनगर येथे रेल्वेने जुनी साधने जतन केली आहेत. परंतु गावोगावच्या आठवणी तेथे सापडावयाच्या नाहीत.

देवालयास महाजन असतात. ते उत्पन्नाची वही राखतात, जीर्णोद्धाराची नोंद ठेवतात, म्हणून शतकांपूर्वीचा दाता आजही नावानिशी ठाऊक असतो. लोहमार्गास असा महाजन नाही. सबब ज्या घराण्यांच्या पेटाऱ्यांत जुनी तिकिटे, मालपावत्या, नोकरीचे हुकूम वा स्थानकांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती तारीख व गाव लिहून सांभाळावीत. या गाडीने प्रवास केलेल्या वडीलधाऱ्यांचे कथन आजच टिपून घ्यावे. भराव जमिनीत मिसळल्यावर या मार्गाचा पुरावा एवढाच उरेल.