आवाज कुठे जातो?

हौशी सुतारकाम करणाऱ्याला बोटांखेरीज आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात: फुफ्फुसं आणि कान. अडचण अशी की एक जपायला गेलं की दुसऱ्यावर बेततं. लाकडाची बारीक धूळ म्हणजे नुसता केर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. म्हणून घासकामाच्या मशीनला व्हॅक्यूमची नळी जोडायची. पण तो व्हॅक्यूम सुरू झाला की असा काही किंचाळतो, की "एवढासा तुकडा तर घासायचाय" म्हणत आपण तो बंदच ठेवतो. म्हणजे आवाज नको म्हणून धूळ पत्करायची.

यावर उपाय म्हणून मी माझ्या व्हॅक्यूमच्या मोटरसाठी प्लायवुडची पेटी करायला घेतली. करता करता वाचत गेलो, आणि लक्षात आलं की गेली सव्वाशे वर्षं माणसं याच एका प्रश्नाशी झटापट करत आहेत. मशीन शांत करायचं, तर तिचा आवाज पाठवायचा कुठे?

सुरुवात हर्बर्ट नव्हे, ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरपासून करू. (नाव पुष्कळदा चुकीचं छापलं जातं.) हा पूल आणि मोठाले आकाशपाळणे बांधणारा माणूस. लंडनमध्ये त्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालावर धुळीचा काळा डाग उमटला. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीएवढं होतं आणि ते घोडेच ओढत. यंत्र रस्त्यात उभं राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले.

आता आवाजाचं बघा. गालिचा साफ होई तो श्रीमंताच्या दिवाणखान्यात, आणि इंजिनाचा धडधडाट ऐके तो रस्ता. भाड्याच्या गाड्यांचे घोडे त्या आवाजाने बुजत, म्हणून तक्रारी आणि दावेही झाले. आवाज नाहीसा झाला नव्हता, फक्त पत्ता बदलून दुसऱ्याच्या दारात गेला होता.

त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड केनी नावाच्या प्लंबरने दुसरी वाट काढली. त्याने १९०२ मध्ये पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये एक अवजड पंप कायमचा बसवला आणि तिथून भिंतींमधून पाइप फिरवून मजल्या-मजल्यावर तोंडं काढली. इथेही तत्त्व तेच, आवाज लांब ठेवा. फक्त रस्त्याऐवजी तो खाली, यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला आला.

मग १९०८ उजाडलं. ओहायोतल्या कॅन्टन गावी जेम्स मरे स्पॅंगलर नावाचा सफाई कामगार होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढे. त्याने पंख्याची छोटी मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येणारा व्हॅक्यूम बनवला. पेटंट झालं, ते विल्यम हूवरने विकत घेतलं, आणि पुढचं सर्वांना माहीत आहे. फुफ्फुसं वाचवण्यासाठी एका दमेकऱ्याने केलेलं हे यंत्र आहे, ही गोष्ट मला फार भावते. पण त्याच क्षणी मोटर थेट माणसाच्या हाताशी आली. आता लांब पाठवायला जागाच उरली नाही.

बरं, पोकळी निर्माण करायची म्हणजे आरडाओरडा हवाच, असं मुळीच नाही. आपल्या संगीत नाटकांच्या साथीला पायाने चालवायचा जो ऑर्गन असे, त्याच्या अमेरिकन धाटणीच्या प्रकारात भाते हवा फुंकत नाहीत, ओढतात. म्हणजे तोही एक व्हॅक्यूमच! पण भाता मोठा आणि संथ, म्हणून ऐकू येतात ते फक्त सूर. आपली मोटर छोटी, म्हणून तिला प्रचंड वेगाने फिरावं लागतं. मिनिटाला २४,००० फेरे म्हणजे सेकंदाला ४००. पंख्याला नऊ पाती असतील, तर सेकंदाला ३,६०० ठोके. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो. नेमका तिथेच हा सूर लागतो.

तर मग कोंडा तिला पेटीत! पहिला विचार हाच येतो, आणि तो निम्मा बरोबर आहे. जड भिंत आवाज अडवते, पण फार हिशेबीपणे. भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर जेमतेम पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो. आणि फट मात्र सगळं घालवते. पेटीच्या एकूण पृष्ठभागाच्या एक टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत दगडाची असली तरी २० डेसिबलच्या पुढे फायदा होत नाही. माझी पेटी ६० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरची. तिचा एक टक्का म्हणजे तेरा सेंटिमीटर लांब-रुंद एक भोक, बस.

तुम्ही म्हणाल, भोक ठेवूच नका. पण मोटरला श्वास लागतो. १,२०० वॉटची मोटर खाते ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. सेकंदाला ३० लिटर हवा तिच्यातून जात असेल, तर ती हवा सुमारे ३३ अंशांनी तापून बाहेर पडते. उन्हाळ्यात बाहेर चाळीस असताना हीच हवा पेटीत कोंडून पुन्हा पुन्हा मोटरवर फिरवली, तर मोटर जळणार हे सांगायला ज्योतिषी नको. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या व्हॅक्यूममध्ये तर मोटर थंड करायला वेगळा पंखा असतो. त्याची हवा आणि नळीची हवा, दोन्हींना येण्याजाण्याची वाट ठेवावीच लागते.

हवा जाऊ द्यायची आणि आवाज अडवायचा, हे कोडं ज्याच्यामुळे सुटतं तो माणूस म्हणजे वॉलेस सॅबिन. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. हे दुरुस्त करायचं काम भौतिकशास्त्राच्या या तरुण शिक्षकावर आलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून कळलं की मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज अडवत नाही, जिरवते. तिच्या बारीक छिद्रांत हवा घासत शिरते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशी उष्णता होऊन संपते. हे जिरवणं मोजायला त्याने एकक घेतलं ते उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात इथे पहिल्यांदा आवाज दुसऱ्याच्या दारात न टाकता खरोखर संपवला गेला.

पुढे १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिमने बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. त्यात वायूला सरळ बाहेर न सोडता पडद्यांमधून वळवत, मंदावत नेलेलं असतं. नंतर त्याच्या कंपनीने यंत्रांसाठीही सायलेन्सर केले. मॅक्सिम मशीनगन बनवणारे ते त्याचे वडील, आणि तोफा-बंदुकांच्या आवाजात आयुष्य काढून ते बहिरे झाले होते.

माझी पेटी म्हणजे या मंडळींचीच उधारी आहे. १८ मिलिमीटरचं प्लायवुड, आतून रॉकवूल आणि त्यावर सुती कापड. (फोम स्वस्त पडतो, पण गरम मोटरशेजारी न पेटणारी वस्तू बरी.) हवेची वाट दोन ठिकाणी काटकोनात वळवलेली आणि आतून अस्तर लावलेली. हवेला वळणाचं काही वाटत नाही, आवाज मात्र प्रत्येक वळणावर अस्तराला धडकतो. थंड हवेची वाट वेगळी, गरम हवेची वेगळी. मोटर रबराच्या तुकड्यांवर ठेवलेली, नाहीतर अख्खी पेटीच तबल्यासारखी वाजते. आणि दाराला रबरी पट्टी. व्हॅक्यूमचा सूर इतका वरचा असल्याचा इथे फायदा होतो, कारण उंच सूर अडवायला आणि जिरवायला सोपे असतात. उरते ती एक गुणगुण. शेजारच्या मुलीचा अभ्यास चालू असतानाही आता मला काम करता येतं.

ओळखीच्या एका फर्निचर कारखानदाराला मी हे सगळं उत्साहाने दाखवलं. तिथे पोरं दिवसभर अशाच मशीनवर असतात. त्यांनी पेटी नीट पाहिली, दाराची पट्टी दाबून पाहिली, कौतुकही केलं. मग म्हणाले, "आमच्या पोरांना सवय झालीय."

ही सवय जुनी आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं, की दिवसभर तांबं ठोकून त्यांना कमी ऐकू येऊ लागतं आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून एकदा दुपारी जाऊन आलात, तर त्याला काय म्हणायचं होतं ते कळेल. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब आज असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ९४ ला फक्त एक तास. कानाच्या आतल्या ज्या केसपेशींनी आपण ऐकतो, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ज्याला सवय म्हणतात, त्यातला बराचसा भाग म्हणजे या पेशी जाणं.

पेटीचे कागदावरचे आराखडे मी त्यांच्याकडे ठेवून आलो आहे. त्यांच्या कारखान्यात पडलेल्या प्लायवुडच्या तुकड्यांतून चार पेट्या सहज होतील.