प्रवरेच्या कांठचा अर्थशास्त्रज्ञ

विद्वानानें आपल्या ग्रंथांत रमावें, लोकव्यवहाराच्या धकाधकींत पडूं नये, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गांत फार दिवसांपासून रुजलेला आहे. हा समज किती पोकळ आहे हें पाहावयाचें असेल तर अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील प्रवरेच्या कांठाकडे पाहावें. तेथें एका प्राध्यापकाच्या अभ्यासाची आणि एका शेतकऱ्याच्या धडाडीची गांठ पडली, व त्यांतून महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनास नवें वळण लागलें. ते प्राध्यापक म्हणजे धनंजयराव गाडगीळ.

गाडगिळांचा जन्म सन १९०१ मध्यें नाशिक येथें झाला. केंब्रिज येथें असतां हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर त्यांनीं लिहिलेला प्रबंध १९२४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक झाले व १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. परकीय ग्रंथांतील सिद्धान्त जसेच्या तसे येथें लागू करण्याऐवजीं येथील गांव, शेत, मजुरी व कर्ज यांची प्रत्यक्ष मोजदाद करावी, हा त्यांनीं संस्थेस घालून दिलेला धडा होय.

या पद्धतीस नगर जिल्ह्यासारखें क्षेत्र विरळाच. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत धो धो पाऊस पडतो, आणि सह्याद्रीची ओळ मागें टाकली कीं कोरडें पठार लागतें. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झालें. गोदावरीचे कालवे त्यापूर्वींच कोपरगांवाकडे आले होते. सरकारदरबारीं अशा कालव्यांचा हिशेब पाणीपट्टीच्या वसुलीवर होई, व तो काहीं फारसा लाभाचा दिसत नसे. गाडगिळांनीं प्रश्नच व्यापक केला. कालव्याचें मोल तिजोरींत काय पडलें यावरून ठरवावें, कीं शेतांत काय पिकलें, मजुरास किती काम मिळालें, व्यापारास किती चालना मिळाली यावरून? गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांविषयीं त्यांची पाहणी १९४८ सालीं प्रसिद्ध झाली.

पण पाण्यानें उत्पन्न झालेली संपत्ति कोणाच्या घरांत जावी, हें कोणताही अहवाल ठरवूं शकत नाहीं. कालव्यांच्या मुलखांत ऊंस होता आणि खासगी साखर कंपन्याही होत्या. बागाइतदार मात्र गुळाच्या भावाच्या चढउतारांत व सावकाराच्या व्याजांत सांपडलेला होता. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांच्याच मालकीचा कारखाना काढण्याचें मनावर घेतलें. मुंबई सरकारांतील वैकुंठभाई मेहता यांचें त्यांस पाठबळ मिळालें, आणि अध्यक्षपद गाडगिळांनीं पत्करलें. १९५०-५१ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें.

या जोडींत कोणाचें काय होतें, हें नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. गांवाचा विश्वास विख्यांपाशीं होता. गाडगिळांनीं आणला तो नियम. शेतकी पतपुरवठ्याच्या उपसमितीचे अध्यक्ष या नात्यानें कर्जाचा प्रश्न त्यांनीं पूर्वींच बारकाईनें अभ्यासिला होता. सहकारी संस्थेंत भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. म्हणजे दहा एकरांचा धनी व एका एकराचा धनी सभेंत बरोबरीनें बसतात. श्रीमंताच्या मेहेरबानीऐवजीं सर्वांस ठाऊक असलेला नियम, हेंच गाडगिळांच्या सार्वजनिक कार्याचें सूत्र होतें असें आम्हांस वाटतें.

पुढें हेंच सूत्र मोठ्या पटावर आलें. १९६६ मध्यें ते पुणें विद्यापीठाचे कुलगुरु झाले, व १९६७ मध्यें नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. केंद्राची मदत राज्यांस कोणत्या मापानें द्यावी याचें ठराविक सूत्र तोंवर नव्हतें. १९६९ सालीं तें झालें : शेंकडा ६० लोकसंख्येवर, आणि उरलेले ४० चार समान हिश्शांनीं दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या विशेष अडचणी यांवर. १९७१ सालीं गाडगीळ निवर्तले, परंतु त्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें हें सूत्र पुढें दीर्घकाळ भारताच्या राज्यकारभारांत वावरलें.

तथापि केवळ स्तुतीनें हा हिशेब पुरा होत नाहीं. सभेंत मत समान झालें, पाणी समान झालें नाहीं. उंसानें कालव्यांचें पाणी पिऊन टाकलें. पाथर्डी, जामखेड, पारनेर हे भाग टंचाईचेच राहिले. गाडगिळांनंतर त्यांच्या संस्थेचे संचालक झालेले वि. म. दांडेकर यांनीं पुढें कालव्याचें पाणी बारमाही पिकास न देतां आठमाही द्यावें, म्हणजे तें अधिक शेतांस पुरेल, असा आग्रह धरला. ज्या संस्थेनें कालव्याचे लाभ मोजले, तिनेंच त्यांची वांटणी तपासावयास घेतली, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. प्रवरानगरास आज शाळा, महाविद्यालयें, रुग्णालय सर्व कांहीं आहे. पण कालव्याच्या शेवटच्या टोंकास असलेल्या शेतकऱ्यास त्याच्या हक्काचें पाणी कोणत्या मापानें मिळावें, हा गाडगिळांच्या धाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. आणि तो सोडविण्यास पुन्हां शिवारांत उतरून मोजणारा विद्वानच लागेल.