कुंग फू कोणत्या धर्माचे? ख्रिस्ती वस्ताद, चिनी युद्धकला आणि कोल्हापूरची तालीम

कोल्हापुरात पोरगं अंगाने जरा भरलं की त्याला तालमीत घालायची रीत जुनी आहे. आता तालमीच्या जोडीला कराटे, तायक्वांदो आणि वुशूचे वर्ग आले. वस्त्यावस्त्यांतली आपली मुलंमुली तिथे जातात आणि जायलाच हवे. पण तिथे गेल्यावर एक प्रश्न हमखास उभा राहतो. कुंग फू म्हणजे शाओलिन, शाओलिन म्हणजे बौद्ध विहार. मग ही कला ख्रिस्ती माणसाने शिकवावी का? आणि उलट बाजूने, मारुतीची मूर्ती असलेल्या तालमीत बौद्ध तरुणाने घाम गाळावा का? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे: शरीराची कला आणि मनाची श्रद्धा यांचे नाते काय? या लेखात आम्ही त्याची माहिती इतिहासाच्या आधाराने मांडत आहोत. शेवटी आपल्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल अशी एक कसोटीही दिली आहे.

बॉक्सर बंड ते नानजिंग

ख्रिस्ती धर्म आणि चिनी युद्धकला यांची पहिली मोठी गाठ रक्तपाताची होती. १९०० साली उत्तर चीनमध्ये बॉक्सर बंड झाले. मुठीच्या आणि शस्त्रांच्या कसरती करणाऱ्या गावोगावच्या गटांनी परकीय सत्तांविरुद्ध उठाव केला आणि त्यात परदेशी मिशनऱ्यांबरोबर हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले. मंत्र, अंगात येणे, गोळी लागणार नाही असा विश्वास हे सारे त्या बंडात कसरतीशी जोडलेले होते. त्यानंतर चिनी ख्रिस्ती माणूस या कलांकडे संशयाने पाहू लागला असता, तर त्यात नवल नव्हते.

पण पुढे घडले ते वेगळेच. १९२८ साली नानजिंग येथे केंद्रीय गुओशू संस्था स्थापन झाली. गुओशू म्हणजे राष्ट्रीय कला; चिनी युद्धकलांना तेव्हा दिलेले हे नाव. या संस्थेचे प्रमुख होते जनरल झांग झिजियांग आणि ते निष्ठावान ख्रिस्ती म्हणून प्रसिद्ध होते. ज्यांना जगभर 'ख्रिस्ती सेनापती' म्हणत, त्या फेंग युशियांग यांच्या फौजेतले ते मोठे अधिकारी. फेंग यांनी आपल्या सैन्यात ख्रिस्ती उपासनेबरोबर तलवारीचा सरावही ठेवला होता. याच फौजेतून पुढे आलेल्या २९ व्या सैन्याने १९३३ साली चीनच्या भिंतीजवळ जपानी सैन्याशी रुंद पात्याच्या तलवारींनी झुंज दिली. आजारपणात आपल्याला ताईजीच्या सरावाने उभारी आली असे झांग मानत आणि दुबळ्या झालेल्या देशालाही हाच उपाय लागू पडेल असा त्यांचा विश्वास होता.

या संस्थेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला तिचे दोन विभाग होते, शाओलिन आणि वुडांग. पहिले नाव बौद्ध विहाराचे, दुसरे ताओ पंथाच्या पर्वताचे. शाओलिन विभागाचे प्रमुख होते वांग झिपिंग आणि ते हुई समाजातले मुस्लिम होते. म्हणजे संस्थेचा प्रमुख ख्रिस्ती, बौद्ध नावाच्या विभागाचा प्रमुख मुस्लिम. अडचण धर्मावरून आली नाही. अडचण आली ती 'आमची शाळा मोठी की तुमची' या घराणेशाहीवरून. दोन्ही विभागांतली चुरस इतकी वाढली की काही महिन्यांतच ही विभागणी रद्द करावी लागली. आपल्याकडच्या तालमींची ईर्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या संस्थेत मुलींनाही प्रवेश होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनच्या गुओशू संघाने तिथे प्रात्यक्षिके केली आणि त्या संघात स्त्रियाही होत्या. त्याच वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती.

शाओलिन आणि बोधिधर्म : कथा किती, इतिहास किती

आपल्या तरुणांमध्ये एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. भारतातून गेलेले भिक्खू बोधिधर्म यांनी शाओलिनच्या भिक्खूंना कुंग फू शिकवले, म्हणून कुंग फू मूळचे आपले. ऐकायला छाती फुगते. पण इतिहासाला हे मान्य नाही.

हेनान प्रांतातल्या सुंग पर्वतावरचा शाओलिन विहार इ.स. ४९५ च्या सुमारास उत्तर वेई राजवटीत उभा राहिला. तो ज्यांच्यासाठी बांधला ते भारतीय भिक्खू चिनी नोंदींत बतुओ या नावाने येतात. इ.स. ६२१ मध्ये विहाराच्या भिक्खूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिन यांना युद्धात मदत केली. इ.स. ७२८ चा शिलालेख विहारात आजही आहे. सोळाव्या शतकात शाओलिनचे नाव गाजले ते लाठीसाठी. किनाऱ्यावरच्या चाच्यांविरुद्ध लढायला भिक्खूंना बोलावले गेले. रिकाम्या हाताच्या लढाईचा विकास त्याच्याही नंतरचा. बोधिधर्मांच्या नावावर खपवलेला स्नायू बळकट करण्याच्या व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्यांच्या नंतर सुमारे अकराशे वर्षांनी लिहिलेला.

ही चिकित्सा आधी कोणी केली? त्याच नानजिंगच्या संस्थेत काम करणाऱ्या तांग हाओ या चिनी अभ्यासकाने. १९३० साली त्यांनी शाओलिन आणि वुडांग यांच्या दंतकथा तपासणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि बोधिधर्मांचा युद्धकलेशी संबंध लावण्याला आधार नाही हे दाखवले. युद्धकलेवर प्रेम करणाऱ्या माणसानेच तिच्या दंतकथा बाजूला केल्या. कालाम सुत्त मानणाऱ्या समाजाला ही वाट ओळखीची वाटली पाहिजे. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे, आपल्या अभिमानाला सुखावते, एवढ्यावर एखादी गोष्ट खरी ठरत नाही. बोधिधर्मांचे मोठेपण ध्यानपरंपरेत आहे. त्यांच्या हातात लाठी दिल्याने ते वाढत नाही.

ख्रिस्ती वस्ताद नेमके काय करतात?

चिनी युद्धकलेच्या पारंपरिक शाळेत चार गोष्टी एकत्र नांदतात: तंत्र, शिस्त, पूजा आणि कथा.

तंत्र म्हणजे पायांचा पवित्रा, ठोसे, लाथा, पकडी, शस्त्रे आणि ताओलू, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. शिस्त म्हणजे वेळेवर येणे, मोठ्यांना मान देणे, सरावाच्या आधी आणि नंतर नमस्कार. पूजा म्हणजे मूळ गुरूंच्या किंवा ग्वान गोंग या योद्धा-देवतेच्या प्रतिमेपुढे उदबत्ती लावणे, नतमस्तक होणे. कथा म्हणजे घराण्याचा उगम, कोणी कोणाला शिकवले, कोणत्या पर्वतावर कोणाला ज्ञान झाले.

ही कला शिकवू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तंत्राची अडचण नसते. शिस्तही चालते. अडचण येते ती तिसऱ्या गोष्टीपाशी, कारण एका देवाशिवाय दुसऱ्या कोणाची उपासना त्याच्या धर्माला मान्य नाही. म्हणून तो वेदी काढतो, उदबत्ती बंद करतो, नमस्कार फक्त गुरू आणि जोडीदाराला ठेवतो. श्वासाच्या आणि 'ची'च्या सरावाचा अर्थ तो गूढ शक्ती असा न घेता श्वासावरचा ताबा असा घेतो. काही जण सरावाआधी स्वतःची प्रार्थना करतात.

आदर कुठे संपतो आणि उपासना कुठे सुरू होते, हा वाद ख्रिस्ती जगालाही सोपा गेला नाही. पूर्वजांपुढे उदबत्ती लावावी का, कन्फ्यूशियसला वंदन करावे का, यावर कॅथलिक चर्चमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ भांडण चालले. १७४२ साली पोपने या विधींवर कडक बंदी कायम केली. १९३९ साली रोमने ती सैल केली आणि असे वंदन हा नागरी आदर असू शकतो हे मान्य केले. कृती तीच राहिली. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

आजच्या स्पर्धेतल्या वुशूने हा गुंता बराच सोडवला आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांपासून वुशू हा पदकाचा खेळ आहे. तिथे वेदी नसते. उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून जो नमस्कार होतो तो पंच आणि प्रतिस्पर्धी यांच्यासाठी असतो. त्यात कोणाची पूजा नाही. आपल्या मुलामुलींनी तो निःशंक करावा.

कोल्हापूरची तालीम काय सांगते?

कोल्हापूरच्या तालमीतही याच चार गोष्टी आहेत. जोर, बैठका, डाव आणि प्रतिडाव हे तंत्र. पहाटे उठणे, हौदा खणणे, वस्तादांचा शब्द पाळणे, व्यसनापासून दूर राहणे ही शिस्त. मारुतीची मूर्ती ही पूजा. आणि मोठ्या मल्लांच्या आठवणी ही कथा.

पण या तालमींवर एका धर्माचा शिक्का मारता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. रोमचे प्राचीन क्रीडांगण पाहून आल्यावर त्यांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. पंजाबातून आलेले इमामबक्षांसारखे मुस्लिम मल्ल या मातीत लढले आणि कोल्हापूरकरांनी त्यांना डोक्यावर घेतले. शहरातल्या कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. आज अनेक तालमींची ओळख त्यांच्या फुटबॉल संघांवरून आहे. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले.

याच शाहू महाराजांनी २१ आणि २२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेब हेच तुमचे पुढारी असे अस्पृश्य समाजाला सांगितले. कुस्तीचा हौदा आणि माणगावचा मंडप या एकाच राजाच्या दोन कृती आहेत. शरीराने ताठ आणि मनाने स्वतंत्र असा माणूस त्यांना हवा होता. बाबासाहेबांनीही समता सैनिक दल उभे केले ते याच जाणिवेतून. ज्यांच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या हात टाकला गेला, त्यांना शिस्तबद्ध, संघटित आणि निर्भय व्हायचे होते.

बौद्ध तरुणाची कसोटी

वरच्या चार गोष्टी वेगळ्या केल्या की आपला प्रश्न बराच सुटतो.

तंत्र कोणाकडूनही घ्यावे. वस्ताद ख्रिस्ती असो, मुस्लिम असो, हिंदू असो; पवित्र्याला आणि पकडीला धर्म नसतो. शाओलिनचे नाव बौद्ध आहे म्हणून ख्रिस्ती माणसाने ते शिकवू नये असे म्हणणे म्हणजे विद्येवर मक्तेदारी सांगणे. विद्येवरच्या मक्तेदारीने आपल्या पूर्वजांचे काय झाले हे आपण विसरू शकत नाही.

शिस्त विचारपूर्वक घ्यावी. वस्तादांना वाकून नमस्कार हा कृतज्ञतेचा भाग आहे. पण शिस्तीच्या नावाखाली जातीवरून हौदा वेगळा, पाण्याचा तांब्या वेगळा असे कुठे दिसले, तर ती शिस्त नव्हे. तिथे गप्प बसू नये.

पूजेबाबत बावीस प्रतिज्ञा स्पष्ट आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर घेतलेला शब्द तालमीच्या दारात ठेवून आत जाता येत नाही. मात्र नकार देताना उद्धटपणा नको. मूर्तीची विटंबना नको, सोबत्यांची टिंगल नको. 'वस्ताद, तुमचा मान राखतो, पण पूजा करणार नाही' एवढे शांतपणे सांगता आले पाहिजे. ख्रिस्ती वस्ताद वेदी काढताना जे करतो, तेच हे आहे.

कथा तपासून घ्यावी. बोधिधर्मांचे वर पाहिलेच.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्याच दारातली आहे. विहाराच्या आवारात कोणी कराटेचा किंवा लाठीचा वर्ग सुरू केला आणि तिथे शेजारची ख्रिस्ती, मुस्लिम, मातंग किंवा मराठा समाजाची मुलं आली, तर त्यांना त्रिसरण-पंचशील म्हणायला लावायचे का? आमचे स्पष्ट मत आहे, लावू नये. आपली मुलं म्हणतील, बाकीच्यांना शांत उभे राहू द्यावे. संविधानाचे कलम २५ सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. कलम २८ नुसार शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. खाजगी वर्गाला ते कलम थेट लागू नसले, तरी त्यामागचे तत्त्व आपल्याला लागू आहे. जो हक्क तालमीत मागायचा, तो विहारात दुसऱ्याला द्यायलाच हवा.

अहिंसा आणि मूठ

शेवटचा प्रश्न तरुण नेहमी विचारतात. पंचशीलातले पहिले शील पाळणाऱ्याने लढायला शिकावे का?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही असे मांडतात. सिंह सेनापतीने बुद्धांना हाच प्रश्न विचारला होता, तेही त्या ग्रंथात आहे. अन्यायापुढे मान तुकवणे ही अहिंसा नव्हे. पण मूठ आवळता येते म्हणून ती उगारणे हेही धम्मात बसत नाही.

म्हणून वर्ग निवडताना वस्तादाचा धर्म विचारू नका. तो मुलींना तेवढ्याच मन लावून शिकवतो का, रागावर ताबा ठेवायला शिकवतो का, दुबळ्या पोराला मागे टाकत नाही ना, आणि तुमच्या 'नाही' या शब्दाचा मान ठेवतो का, हे पाहा. या चार प्रश्नांची उत्तरे बरोबर आली, तर तो वस्ताद ख्रिस्ती असला तरी आपला आहे. चुकीची आली, तर त्याच्या भिंतीवर बुद्धांचे चित्र असूनही तिथून बाहेर पडा.

नमो बुद्धाय! जय भीम!