डाळिंब : खनिजे व औषधी गुण

पुणे महामार्गाने चिंचोळी एमआयडीसी ओलांडून सोलापूरकडे निघाले की केगाव लागते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तिथलेच, २००५ साली स्थापन झालेले. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

लालभडक दाणे पाहून डाळिंबाने रक्त वाढते असे घरोघरी सांगतात. पण हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, लोहाचा नव्हे. १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम, पोटॅशियम मात्र सुमारे २३६, फॉस्फरस ३६ आणि मॅग्नेशियम १२ मिलिग्रॅम.

खरे औषध सालीत आहे. ती चावताच जीभ आवळते, कारण त्यातील तुरट टॅनिन. म्हणूनच जुलाबावर साल उगाळून देत. मुळाच्या सालीतील पेलेटिएरीन पट्टकृमींवर वापरले जाई. ते विषारी असल्याने घरी प्रयोग करू नये.