दूरनियंत्रक किल्ली, मोटारीची
मोटारीचे दरवाजे रेडिओ लहरींनी उघडणारी व चोरीविरोधी भोंगा चालू-बंद करणारी किल्ली. तिची कंप्रता युरोपात बहुधा ४३३.९२, तर अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्‌झ असते. ती निकामी वाटल्यास प्रथम आतील, बहुधा ३ व्होल्टचा, चपटा सेल तपासावा. दर वेळी बदलणारा संकेत, म्हणजे ‘रोलिंग कोड’, वापरात असल्याने मोटारीपासून दूर असताना बटण फार वेळा दाबले गेले, तर मोटारीतील ग्राहीची गणना मागे पडते व दोहोंचा मेळ उत्पादकाच्या पद्धतीने पुन्हा जुळवावा लागतो. चोराला इंजिन सुरू करू न देणाऱ्या इमोबिलायझरची किल्लीतील चिप मात्र सहसा सेलवर अवलंबून नसते. भोंगा अकारण वाजत असेल, तर दोष पुष्कळदा किल्लीत नसून बॉनेटच्या गंजलेल्या स्विचमध्ये किंवा मोटारीच्या उतरलेल्या बॅटरीत सापडतो.