अल्पवयीनांचे लैंगिक गुन्हे : विकासात्मक दृष्टिकोन

अठरा वर्षांखालील मुलांच्या हातून घडणाऱ्या लैंगिक गुन्ह्यांचा त्यांच्या वाढीच्या संदर्भात विचार करणारी अभ्यासदृष्टी. असा मुलगा म्हणजे उद्याचा सराईत गुन्हेगार, या समजुतीतून अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत प्रौढांसाठीचे उपचारच मुलांना लावले गेले.

पुढच्या संशोधनाने ही समजूत खोडून काढली. संशोधक मायकेल कॉल्डवेल यांनी २०१६ मध्ये लैंगिक गुन्हा केलेल्या ३३,००० हून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. सरासरी पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे ५ टक्क्यांहून कमी निघाले.

किशोरवयात आवेग आवरण्याची मेंदूची क्षमता अपुरी असते. स्वतः सोसलेला अत्याचार, घरातील हिंसा, एकटेपणा आणि लैंगिकतेविषयीचे अज्ञान यांची त्यात भर पडते. अत्याचार सोसलेली बहुतेक मुले मात्र गुन्ह्याकडे वळत नाहीत.

संशोधक चार्ल्स बोर्डुइन यांनी लैंगिक गुन्हा केलेल्या मुलांवर वापरलेली मल्टिसिस्टेमिक थेरपी पालक, शाळा आणि मित्रपरिवार यांना उपचारात सामील करून घेते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचे परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. शरीर, संमती आणि वयातील अंतर यांविषयीचे शालेय शिक्षण हा प्रतिबंधाचा दुसरा मार्ग.

भारतात २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळ त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी करते.