प्लेग ते कोविड : सिस्टरचा थकवा कोणी मोजला?

२०२० सालच्या रमजानमध्ये माझी मावसबहीण एकदाही इफ्तारला घरी आली नाही. ती मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि तिची कोविड वॉर्डातली ड्युटी त्याआधीच लागली होती. राहायची सोय जवळच्या एका लॉजमध्ये होती. रोज संध्याकाळी खाला फोन करायच्या, “बेटा, रोजा आहे ना?” आपा “हो अम्मी” म्हणून विषय संपवायची. खरं तर रोजा असो वा नसो, पीपीई किट एकदा अंगावर चढलं की सहा-सात तास पाण्याचा घोट घेता येत नसे, बाथरूमला जाता येत नसे. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, हे आम्ही घरातल्या पुरुषांनी तिला कधी विचारलंही नाही.

ती बोलली ते वर्षभरानंतर. “मरायची भीती पहिल्या आठवड्यातच गेली रे,” ती म्हणाली. “त्या रात्री एकोणीस पेशंट होते आणि आम्ही दोघी. एकाला पालथं झोपवत होते, तेवढ्यात पलीकडच्याने ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. चार्टवर वेळ लिहिली आणि पुढच्या बेडकडे गेले. ती वेळ मला अजून पाठ आहे.”

आणखी एक गोष्ट तिने अगदी सहज सांगितली. एप्रिलमधल्या एका दिवशी एका पेशंटने किटवर मार्करने लिहिलेलं तिचं नाव वाचलं आणि म्हणाला, “दुसऱ्या सिस्टरला पाठवा.” ते दिवस वाचकांना आठवत असतील. टीव्हीवर दिवसरात्र तबलीगच्या नावाने गजर चालला होता, भाजीवाल्यांना नावं विचारली जात होती. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं मत नोंदवलं. पण एप्रिलमधली ती ड्युटी ऑगस्टच्या निकालाने हलकी होत नाही. दुसरी सिस्टर नव्हतीच. आपानेच त्याला सलाईन लावलं.

यानंतर मी मुंबईच्या जुन्या साथीवरची पुस्तकं वाचायला घेतली. शोधत होतो एकच गोष्ट : सव्वाशे वर्षांपूर्वी आपाच्या जागी कोण होतं आणि तिच्यावर काय गुजरलं?

आर्थर रोडचं इस्पितळ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्या कायद्याने सरकारला घराघरांत शिरण्याचे, माणसं वेगळी काढण्याचे, प्रवासी तपासण्याचे अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घरांत घुसवले. त्याचा शेवट जून १८९७ मध्ये रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. हा इतिहास शाळेत शिकवला जातो.

जो शिकवला जात नाही, तो इस्पितळाच्या आतला. मुंबईत प्लेगच्या रोग्यांना आर्थर रोडच्या इस्पितळात नेत. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने या इस्पितळावर हल्ला केला. लोकांची समजूत अशी होती की, तिथे गेलेला माणूस परत येत नाही. माणसाच्या अंगातून ‘मोमियाई’ नावाचं तेल काढतात, अशीही अफवा त्या काळी देशभर होती. अफवा खोटी होती, पण भीतीला आधार होता. दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं खरोखरच दगावत होती.

हेच इस्पितळ आजचं कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण इथेच दाखल झाले. तेव्हाही कोविडच्या नावाखाली किडनी काढून घेतात, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. सव्वाशे वर्षांत तेलाची किडनी झाली, एवढाच फरक.

त्या वॉर्डातल्या बाईचा विचार करून पाहा. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. पण लस हा रोग होऊ नये म्हणूनचा उपाय होता, झालेल्या रोगावरचा नव्हे. रोग्याला पाणी पाजणं, ताप उतरवायला अंग पुसणं, गाठ शेकणं, फुटलेली गाठ धुणं, भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून ठेवणं, एवढेच उपचार होते आणि ते सगळे शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातचे होते. डॉक्टर फेरी मारून जाई, वॉर्डात राहायची ती नर्स, आया आणि भंगी. इंग्लंडहून खास प्लेगसाठी नर्स मागवाव्या लागल्या, कारण इथे शिकलेल्या परिचारिका मूठभरच होत्या.

शिवाय रोग पसरतो कसा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. उंदरावरची पिसू तो पसरवते, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे त्या बायका अशा रोगाशी झुंजत होत्या, जो श्वासाने येतो, स्पर्शाने येतो की जमिनीतून, याचा पत्ताच नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये आपाही दुधाची पिशवी साबणाने धुवायची आणि वॉर्डात मात्र एकच मास्क दिवसभर वापरायची. विषाणू हवेतून पसरतो, हे ठामपणे सांगितलं जाईपर्यंत बराच काळ गेला. कोविडवरही सुरुवातीला खात्रीचं औषध नव्हतं. ऑक्सिजन लावणं, पालथं झोपवणं, दर तासाला मोजमाप घेणं, जेवण भरवणं हाच इलाज होता आणि तोही सिस्टरच्याच हातचा.

मदनपुऱ्यातली मुलगी

९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुरा भागात दंगल पेटली. प्लेगची तपासणी करणारं पथक एका जुलाहा विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला न्यायला आलं होतं. घरच्यांनी नकार दिला, मोहल्ला जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसं मेली. हे जुलाहे म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर. भिवंडी आणि मालेगावचे यंत्रमाग उभे करणारे त्यांचेच भाईबंद. एप्रिल २०२० मध्ये मालेगाव राज्यातलं मोठं हॉटस्पॉट ठरलं, तेव्हा मला ही जुनी दंगल पुन्हा आठवली.

त्या दंगलीला ‘अडाणी मुसलमानांचा विरोध’ म्हणून निकालात काढणं सोपं आहे. पण विरोध एकट्या मुसलमानांचा नव्हता. आर्थर रोडवर चालून आलेले गिरणी कामगार होते. पुण्यातला संताप सर्व थरांतला होता. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रार केली आणि तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. तक्रारीचा गाभा सगळीकडे एकच होता : आमच्या बायांना परका पुरुष हात लावणार, आणि नेलेल्या माणसाचं काय झालं ते आम्हाला कळणार नाही.

सरकारला शेवटी नमतं घ्यावं लागलं. जातीजमातींना आपापली इस्पितळं काढायला परवानगी मिळाली. पुण्यात हिंदूंचं वेगळं प्लेग इस्पितळ निघालं, त्यात टिळक पुढे होते. मुंबईत पारशी, खोजा, मेमन अशा अनेक जमातींनी आपली सोय केली. तरुण आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. जिथे आपली माणसं दिसली, आपली भाषा ऐकू आली, घरच्यांना आत येता आलं, तिथे लोक रोग्याला घेऊन गेले. म्हणजे भांडण उपचाराशी नव्हतं.

अशा भांडणात नर्स अडकते ती मधल्या जागी. हुकूम तिचा नसतो, पण लोकांना चेहरा तिचा दिसतो. रोग्याला घरच्यांपासून तोडण्याचा निर्णय वर होतो, रडणाऱ्या आईला “आत जाता येणार नाही” हे मात्र तिला सांगावं लागतं. आपा म्हणते, की पेशंट गेल्यावर नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर शेवटचा चेहरा दाखवायचं काम तिला सर्वांत जड गेलं. “कफन बघू दे म्हणायचे. मी प्लास्टिकची पिशवी काय दाखवणार?”

शहीद आणि बाकीच्या

प्लेगात सेवा करताना गेलेलं एक नाव महाराष्ट्राला माहीत आहे. सावित्रीबाई फुले. मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर काढलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका दलित मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या.

त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण एक गोष्ट मला खटकते. सेवा करणारी बाई आपल्या इतिहासात येते ती मेल्यावर. जी मेली नाही, जी रोज मरण पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर गेली, जिला पुढे वर्षानुवर्षं झोप लागली नाही, तिची नोंद कुठे होते? सरकारी अहवालात घरं किती तपासली, रोगी किती, मेले किती, खर्च किती, याचे रकाने असतात. थकव्याचा रकाना नसतो.

कायद्याचंही तसंच. १८९७ च्या कायद्यात अधिकाऱ्यांना संरक्षण होतं, शुश्रूषा करणाऱ्यांचा उल्लेखही नव्हता. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने त्याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. त्याआधी मार्चमध्ये कोविड ड्युटीवर मृत्यू आल्यास ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता. दोन्ही गोष्टी योग्यच. पण मार खाल्ला तर कायदा आणि मेली तर विमा. मधल्या हजारो पाळ्यांसाठी काय? भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात, की सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपाच्या वॉर्डात त्या रात्री एकोणीस जणांमागे दोघी होत्या. ज्या माणसाचं मरण तिला पाठ आहे, त्याचा हिशेब या आकड्यांत आहे. ती मात्र तो स्वतःच्या चुकीच्या खात्यात लिहून बसली आहे. याला मनाचा कमकुवतपणा म्हणून समुपदेशनाची गोळी देणं म्हणजे अपुऱ्या माणसांचा दोष तिच्याच माथी मारणं.

योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. २२ मार्चला आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या बडवल्या. त्याच आठवड्यात अनेक नर्सना घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितलं. दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या, तेव्हा टाळ्या वाजवणारे “पेशंटचे हाल होतात” म्हणून त्यांच्यावरच चिडले.

आपल्या मोहल्ल्यातला प्रश्न

सरकारला चार शब्द सुनावून मी थांबू शकलो असतो. पण १८९८ चा एक प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. आमच्या बायांना बाईनेच हात लावावा, अशी मागणी आपण तेव्हा केली. मागणी रास्त होती. पण ती बाई कोणाच्या घरातून यायची? आपण आपल्या मुली या कामाला किती पाठवल्या?

जुम्याच्या बयानात हजरत रुफैदा यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. मदिन्याच्या मशिदीत त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईतले जखमी साद बिन मुआज यांना तिथे ठेवलं होतं. तेच नाव ऐकून आलेली मंडळी आपाच्या रिश्त्याच्या बैठकीत विचारत होती, “रात्रपाळी सोडणार ना?” असे तीन रिश्ते परत गेले. त्यातल्या एका घरातली अम्मी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आजारी पडली, तेव्हा बेड मिळवून देण्यासाठी फोन आला तो आपालाच. तिने बेड मिळवून दिला. त्या घरात तिची चौकशी करायला आजतागायत कोणी फोन केलेला नाही.

परवा मी तिला विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं, मानसन्मानाचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, “वॉर्डात अजून तिघी दे. आणि सुट्टीच्या दिवशी मला कोणी उठवू नका.”

पुढची साथ येईल तेव्हा आपण पुन्हा टाळ्या वाजवू, पुन्हा एखादी शहीद शोधू. त्याआधी करण्यासारखं काम या दोन वाक्यांत आहे. पहिलं सरकारने करायचं आहे. दुसरं करायला घरच्यांना कुठल्याच वटहुकमाची गरज नाही.